टायरच्या दोन्ही कडा

वरोरच्या चंदरला टायर बघून गाडीवाल्याचा स्वभाव ओळखता येतो, असं साऱ्या गावात बोललं जायचं. बोलणारा अर्थात चंदरच. उभ्या उभ्या टायरवर एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. खाली वाकून बघणं त्याच्या पोटाला झेपत नव्हतं आणि मोठेपणाला शोभत नव्हतं.

त्याच्या ईको गाडीचे मागचे टायर सहा महिन्यांत बाहेरच्या कडेला गुळगुळीत झाले, तेव्हाही निकाल लगेच लागला. "वळणावर गाडी फेकतो. मग कड जाणारच!"

फेकणारा म्हणजे भाविक, चंदरच्या बायकोचा, चंद्रावतीचा धाकटा भाऊ. सकाळी होड्या लागल्या की पाट्या गाडीत चढवायच्या आणि मासळीसकट बहिणीला तलासरीच्या बाजारात पोचवायचं, हे त्याचं काम. त्याच्या लग्नाची बोलणीही चालू होती.

"भावोजी, वळणावर मी हळूच घेतो. पण पंपावर थांबून जरा हवा..."

"पंपावर थांब, चहाला थांब! तोवर बोंबील पाणी सोडतील. मला शिकवू नको. चावी दे."

भाविकने चावी दिली. चार दिवसांनी मुलीकडच्यांचा फोन आला, मुलगा कसा आहे म्हणून. खोटं बोलणं चंदरच्या रक्तातच नव्हतं. त्याने सांगून टाकलं, "गाडी फेकतो. मी उतरवला त्याला." बोलणी तिथेच थांबली. त्या दिवसापासून चंद्रावतीने नवऱ्याला जेवण वाढलं, शब्द वाढला नाही.

नवे टायर आले. चाकांखाली लिंबं चिरडली, विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे नारळ फुटला. चंदर आता स्वतः चालवू लागला आणि वळणं इतकी जपून घेऊ लागला की सायकलवालेसुद्धा पुढे निघून जात.

पुळणीवरचं शास्त्र तर त्याचं स्वतःचंच होतं. रेतीत गाडी रुतू नये म्हणून मागच्या चाकांची हवा कमी करायची, टायर पसरतो, गाडी अलगद निघते. ही विद्या त्याने आख्ख्या किनाऱ्याला फुकट शिकवली होती. भाविकच्या वेळेपासून रोज सकाळी तो स्वतः काडीने वॉल्व दाबून हवा सोडायचा आणि पाट्या चढल्या की ओरडायचा, "चला, कुठे थांबायचं नाही!" मग त्याच पसरलेल्या टायरांवर गाडी तलासरीपर्यंत धावायची. लिंबू आणि नारळ आपापलं काम करतच होते.

शिमग्याच्या आधी विवळवेढ्याजवळच मागचं चाक बसलं. पंक्चर काढणाऱ्या रघ्याने ते खोलून जमिनीवर आडवं टाकलं, म्हणून चंदरला वाकावं लागलं नाही. बाहेरची कड गेलेली. आतलीही गेलेली. मधली नक्षी मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी. बाहेरची कड वळणाने खाल्ली म्हणावं, तर आतली कुणी खाल्ली?

"हवा कमी ठेवून पळवता काय, शेठ?" रघ्या म्हणाला. "मधला भाग टेकतच नाही ना नीट. सगळा भार कडांवर."

पाट्यांवर गोणपाट ओलं करत बसलेल्या चंद्रावतीने कित्येक महिन्यांनी तोंड उघडलं. "रोज हवा सोडायला तुम्ही. भरायला काय महालक्ष्मी गड उतरून येणार होती?"

रघ्या हसला. चंदरला हसता आलं नाही. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून, आणि ही गोष्ट त्याच्यासाठी नवी होती.

दुसऱ्या दिवशी पुळणीवरून निघाल्यावर तो मुकाट पंपावर हवा भरायला थांबला. पुढे चिंचणीच्या कुणा व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता आणि आता तो चालवणारा भाविक त्याच्या चाकात हवा भरत होता. चंदरची गाडी दिसताच तो नळी घेऊन आला आणि तिच्या मागच्या चाकाशी बसला.

चंदर उतरला. मोठ्या कष्टाने वाकून त्याच्या शेजारी बसला. "भाविक, चूक माझी होती. ये परत. मुलीकडच्यांना मी स्वतः जाऊन सांगतो."

"तिचं लग्न झालं, भावोजी. माघात."

गाडीत चंद्रावतीने पदर डोळ्यांना लावला. भाविकने दुसऱ्या चाकाचीही हवा बघितली, टोपण घट्ट बसवलं आणि उठला.

"निघा आता," तो म्हणाला. "बोंबील पाणी सोडतील."