नव्वद दिवसांचा दौरा

सयाजीचा धंदा ऊन विकण्याचा. म्हणजे कोल्हापुरात त्याचं सोलर वॉटर हीटरचं दुकान होतं, आणि गेली नऊ वर्षं गिऱ्हाइकाला गच्चीवर नेऊन, आभाळाकडे बोट दाखवून, "हे फुकट हाय बघा पावणं, फक्त घ्यायची अक्कल पायजे," असं सांगण्यावर त्याचं घर चाललं होतं. अशा माणसाने सात महिन्यांचं पोर काखोटीला मारून ऐन हिवाळ्यात स्वीडनला जावं, तेही नव्वद दिवसांसाठी, यात अक्कल कुठे होती, हे त्याला पुढे कितीदा तरी कुणाला तरी विचारावंसं वाटलं. पण विचारणार कुणाला? बेत त्याचाच होता.

निमित्त झालं प्रियदर्शनीचं. ही त्याच्या बायकोची, वर्षाराणीची, थोरली बहीण, स्वीडनमधल्या उप्साला शहरात नोकरीला. बारशाला तिला येता आलं नाही, म्हणून फोनवर ती म्हणाली, "तुम्हीच या की चार दिवस." चार दिवस ही बोलायची पद्धत. पण व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो हे कळल्यावर सयाजीतला दुकानदार जागा झाला. मिळतायत तर एकही दिवस सोडायचा नाही, असं त्याने ठरवलं आणि त्याच संध्याकाळी आण्णांच्या चहाच्या टपरीवर जाहीरही करून टाकलं.

टपरीवर बोललेलं पेठेत पोचायला चहा निवायचाही वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. "आमच्या गल्लीची शान, बालयुवराज यशराज सयाजीराव यांच्या ९० दिवसांच्या युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा." मधोमध यशराज, डोळ्यांवर गॉगल, मागे बर्फाचे डोंगर, खाली चौदा शुभेच्छुकांची तोंडं. लोकांचं प्रेम बघून सयाजी गहिवरला होता. फोटो त्यानेच दिला होता, गॉगल त्यानेच निवडला होता आणि मजकूरही त्यानेच लिहून दिला होता, ही गोष्ट त्याने गहिवराच्या आड येऊ दिली नाही.

आड आली ती आक्का. आक्का म्हणजे त्याची आई. ती फ्लेक्सखाली उभी राहून म्हणाली, "एवढ्याशा जिवाला बर्फात कशाला न्हेतोस रं? उन्हाळ्यात जा की."

भोवती आठ-दहा माणसं होती. माणसं असली की सयाजीच्या अंगात येत असे. तो म्हणाला, "आक्का, तू कधी कऱ्हाडच्या पुढं गेलीस काय? तुला काय कळतंय त्यातलं? तिथली पोरं काय थंडीनं मरत्यात व्हय?"

माणसं हसली. आक्काने पदर सारखा केला आणि घरात गेली. निघायच्या दिवशी तिने यशराजच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावला, सुनेच्या हातात खारकांच्या पुडीचं बोचकं दिलं, पण सयाजीशी ती एक शब्द बोलली नाही. गाडी हलल्यावर त्याला वाटलं, खाली उतरावं आणि चुकलो म्हणावं. पण मागे हार घेतलेली माणसं उभी होती, आणि हार घालून घेतलेल्या माणसाला असं मध्येच उतरता येत नाही.

उप्सालात काय झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं. यशराजला ते मानवलं. तिथे तान्ह्या पोरांना गुरगुटून, बाबागाडीत घालून, भर थंडीत अंगणात झोपवतात. वर्षाराणीला आधी धस्स झालं, पण पोरगं तिथे असं गाढ झोपायला लागलं की दोन आठवड्यांत त्याचे गाल लालबुंद झाले आणि झबली आखूड व्हायला लागली. वर्षाराणीही खूश होती. बहिणीबरोबर तासन्तास बोलायची, पोराला घेऊन बर्फात फिरायची. मानवलं नाही ते ऊन विकणाऱ्याला.

सकाळी नऊला उजाडायचं, अडीचला दिवस कलायचा. मधल्या वेळात जे काही असायचं त्याला कोल्हापुरात कुणी ऊन म्हटलं नसतं. आठव्या दिवशी सयाजी खिडकीत उभा राहून समोरच्या छपरावर टाकी कुठे बसेल याचा विचार करायला लागला. चौदाव्या दिवशी त्याचं बोलणं कमी झालं. अठराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोनवर निरोप आला, "टाकी गळतीया, माणूस पाठवा," आणि तो वाचून त्याला न्हाणीघरात जाऊन रडावं लागलं. आजवर कुठल्याही तक्रारीने त्याला इतका उमाळा आला नव्हता.

विसाव्या दिवशी यशराजला दूध पिताना ठसका लागला. एकच ठसका. सयाजी ताडकन उठला. "बघितलंस? खोकला झाला. याला न्हाय मानवत इथं."

वर्षाराणीने नवऱ्याकडे नीट पाहिलं. "याला?" एवढंच ती म्हणाली. मग उठून तिने बॅगा काढल्या. न्हाणीघराचं दार पातळ होतं.

बाविसाव्या दिवशी ते मुंबईत उतरले आणि टॅक्सीने निघाले. सातारा मागे पडला, कऱ्हाड मागे पडलं, आणि कोल्हापूर अर्ध्या तासावर आलं तसा सयाजीच्या डोळ्यांपुढे फ्लेक्स यायला लागला. नव्वद हा आकडा त्यावर चांगला हातभर उंच होता. आणि फ्लेक्सच्या पलीकडे उंबऱ्यात आक्का. चौदा शुभेच्छुकांची थट्टा त्याने सोसली असती. पण भर गल्लीत आईला "तुला काय कळतंय" असं म्हणून, आता तिचंच खरं ठरल्यावर तिच्यापुढे उभं राहायचं, हे त्याला होईना. वाठारला तो ड्रायव्हरला म्हणाला, "उजवीकडं घ्या. कोडोलीवरनं पन्हाळ्याला."

पन्हाळ्यावर मोहितचा बंगला होता. मोहित त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो पोट धरून हसला आणि किल्ली दिली. आता अडुसष्ट दिवस काढायचे होते.

काढायची पद्धत सयाजीने लगेच बसवली. फोनमध्ये बर्फातले चारशे फोटो होते. रोज सकाळी दोन गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे. आक्काला व्हिडिओ कॉल संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडचा दुपारचा साडेबाराचा सुमार. आधी पडदे ओढायचे. यशराजला लोकरी टोपी चढवायची, स्वतः जाडजूड जाकीट घालायचं आणि दोन्ही तळवे चोळत म्हणायचं, "आज उणे सात हाय, आक्का." जाकिटाच्या आत घामाच्या धारा लागायच्या. बाहेर झुणका-भाकरीवाल्या बाया गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, म्हणून कॉल पाच मिनिटांत आटोपायचा. यशराजला पहिला दात आला तो पन्हाळ्यावर. सकाळच्या फोटोतलं पोरगं मात्र अजून बोळकंच होतं. त्यामुळे संध्याकाळी पोरगं हसायला लागलं की सयाजी फोन फिरवायचा. आजीला नातवाचा पहिला दात दिसू नये म्हणून धडपडणारा बाप पेठेत दुसरा झाला नसेल, असं त्याला स्वतःलाच वाटायचं, आणि त्या रात्री त्याला भाकरी गोड लागायची नाही.

वर्षाराणी या नाटकात टोपी घालण्यापुरती होती. "आक्कांनी काल पडद्यावरनं याचा मुका घेतला," ती म्हणायची. "वीस किलोमीटरवर बसून बघवतंय तुम्हाला?"

बघवत नव्हतं. पण जितके दिवस जात होते तितकं खाली उतरणं अवघड होत होतं.

नवव्या दिवशी, गुरुवारी, आक्काने फोन डोळ्यांजवळ धरला. "याच्या गालावर काय उठलंय रं?"

"डास चावला असंल."

"बर्फात?"

"घरात हीटर असतोय की, आक्का. उबेला येत्यात."

"बरं," आक्का म्हणाली. "जप पोराला."

शुक्रवारी आक्काने फोन उचलला नाही. शनिवारी सकाळी, बर्फातले दोन फोटो टाकून झाल्यावर, शेजारच्या स्नेहलचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "सयादादा, आक्का कालपासनं झोपून हाय. छातीत दुखतंय म्हणतीया. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणतीया, सया आल्याबिगार कुठं जाणार न्हाई. तुम्ही निघताय न्हवं?"

"निघतो," सयाजी म्हणाला. "लगेच निघतो."

आणि मग त्याने जे केलं ते पुढे कधी आठवलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होत. त्याने कागद घेतला. उप्साला ते विमानतळ, मध्ये विमान बदलायचं, मुंबई, तिथून कोल्हापूर. कितीही धावपळ केली तरी माणूस सोमवारी दुपारच्या आत पोचत नाही. अर्ध्या तासात घरी गेलो तर सापडलो. त्याने कागदावर "सोमवार, दुपारी १२" असं लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

वर्षाराणी मागून वाचत होती. "आई छातीत दुखतंय म्हणून पडलीया आणि तुम्ही विमानाचं टाईमटेबल लिहिताय?"

"डॉक्टर तर बोलावतोच की फोन करून. तोवर..." तो बोलत होता तेवढ्यात स्नेहलने फोटो पाठवला. आक्का खाटेवर. अंगावर शाल, केस मोकळे, डोळे मिटलेले.

सयाजीने आक्काला दिवसा आडवी झालेली जन्मात पाहिली नव्हती. वडील गेले त्या दिवशीही ती दुपारी उठून म्हशीची धार काढायला गेली होती. तो फोटो पाहिला आणि सयाजी उठला. कागद कुठे पडला, नव्वद कुठे गेले, त्याला कळलं नाही. अंगावर अर्धी चड्डी, पायात रबरी चपला, तसाच तो बाहेर पळाला. वर्षाराणी पोराला घेऊन मागे. समोर कोल्हापूरचं वडाप भरत होतं. जीपच्या पुढच्या सीटवर तिघं आधीच बसले होते, चौथा तो बसला.

गल्लीच्या तोंडाशी आण्णा चहा गाळत होते. त्यांनी आधी सयाजीकडे पाहिलं, मग त्याच्या चपलांकडे, मग मागून येणाऱ्या वर्षाराणीकडे. "आरं सया," ते म्हणाले, "मघाशी तर बर्फातला फोटू टाकलास की."

सयाजी थांबला नाही.

घरात आक्काच्या खाटेभोवती स्नेहल आणि गल्लीतल्या दोन-तीन बायका बसल्या होत्या. आक्का तांदळाची पेज पीत होती, म्हणजे पिताना तोंड वाकडं करत होती. दारात सयाजी दिसला आणि तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला. तिने पेजेची वाटी खाली ठेवली, त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली ओढलं आणि कानात पुटपुटली. आक्काचं पुटपुटणं साधारण तीन घरं ऐकत असत.

"एवढ्यात कशाला आलास? सोमवारी यायचं की रं, येड्या. तिकडनं यायला येळ लागतो एवढं बी कळंना व्हय तुला? तुझ्यासाठी काल सकाळपासनं नुसती पेज पितीया मी."

सयाजीने विचारलं, "तुझी छाती?"

"छातीला काय धाड भरलीया? बर्फात डास चावत्यात व्हय पोराला?"

तेव्हा त्याला सगळं कळलं. गल्लीने हसू नये, लेकाला मान खाली न घालता दौरा मोडून घरी येता यावं, म्हणून ही बाई भर गल्लीत आजारी पडली होती. आईच्या दुखण्यापायी परदेश सोडून आला, असं लोकांनी म्हणावं, एवढी सगळी सोय तिने पेज पिऊन करून ठेवली होती. फक्त दोन दिवस त्याने वाट बघायची होती, आणि तेवढं त्याला जमलं नव्हतं.

स्नेहल उठून उभी राहिली. "सयादादा, नऊ वाजता तर मी फोन केलता. अकरा न्हाईत वाजले अजून."

"इमान लगीच मिळालं आसंल," आक्का घाईने म्हणाली आणि छातीवर हात ठेवून कण्हली.

दारात आण्णा होते, त्यांच्या मागे शुभेच्छुकांपैकी चार-पाच जण. सयाजीला अजूनही काहीतरी ठोकून देता आलं असतं. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. पण आक्का त्याच्यासाठी पुन्हा कण्हायला लागली आणि ते त्याला सोसवेना.

"आक्काला काय झालेलं न्हाई," तो म्हणाला. "आम्ही दहा दिवस झालं पन्हाळ्यावर हाय. पोराला तिथं काय बी झालं न्हवतं, चांगलं फुगलं होतं. मलाच करमंना. मी रडत होतो तिथं. आणि आक्काला जाताना तोडून बोललो होतो, म्हणून हिला तोंड दाखवायची लाज वाटत होती." मग तो आक्काकडे वळला. "चुकलो मी, आक्का."

आधी आण्णा हसले. मग बाकीचे हसले आणि हसणं दारातून गल्लीत गेलं. आता ते वर्षभर तरी पुरणार, हे सयाजीला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

आक्काने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग लेकाकडे.

"म्हंजे उठू का मी आता?" ती म्हणाली. "पाठ मोडली रं झोपून."

आणि शाल बाजूला टाकून, उत्तराची वाट न बघता ती उठली आणि तिने यशराजला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.