पेन्सिलीची बाजू

सांगलीच्या वाटेवर तुंगच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी अडकली, तेव्हा नाथाजी गुरुजींनी खिशातलं कार्ड तिसऱ्यांदा चाचपलं. सकाळीच लिहिलं होतं. बायबलातलं शांतीचं, लेकराबाळांचं वचन. हे समीक्षाच्या हातात द्यायचं आणि पहिलं मागून घ्यायचं. त्याआधी काही होऊ नये, एवढंच ते मनात घोकत होते. तळहाताला घाम सुटून कार्डाची कड ओली झाली.

आष्ट्याच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या उपासनेला वचनाचं ताट फिरतं. हाताला येईल ते कार्ड ज्याचं त्याचं, वर्षभरासाठी. ती कार्डं लिहायचं काम तीस वर्षं गुरुजींकडे. यंदा नवी कार्डं मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी पेटीतली रविवारच्या शाळेची जुनी कार्डं काढली आणि कोऱ्या बाजूवर शाईनं वचनं लिहिली. दुसऱ्या बाजूला पोरांनी पेन्सिलीनं काय गिरवलंय, ते पाहिलंही नाही. मन थाऱ्यावर नव्हतं. त्याच्या आठवडाभर आधीच भर सभेत वीरधवल उठून म्हणाला होता, की गुरुजींना आता पोरांची नावंही आठवत नाहीत, शाळा तरुणांकडे द्यावी. गुरुजींनीच घडवलेला पोरगा. लोक हसले होते.

म्हणून एका कार्डावर त्यांनी शास्त्रातली शापाची ओळ लिहिली. गर्विष्ठाचं घर ओसाड पडण्याची. वीरधवलच्या रांगेशी जाताना ते कार्ड त्यांनीच सगळ्यांत वर ठेवलं. पण वीरधवलनं ताट बायकोकडे, समीक्षाकडे सरकवलं, म्हणाला, तू घे आधी. तेव्हा ताट मागं ओढता आलं असतं. गुरुजींनी ओढलं नाही.

आणि काल, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच, समीक्षाच्या अंगावरून रक्त जायला लागलं. तिला सांगलीला हलवलं.

देव म्हणजे काही आपल्या रागाचं ओझं वाहणारा हमाल नव्हे, असं ते मुलांना नेहमी सांगत. आज एसटीत बसून ते वाक्य त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. ट्रॉलीतून एक ऊस निसटून रस्त्यावर पडला, तेवढ्यानंही ते दचकले.

दवाखान्यात वीरधवल बाकावरून धडपडत उठला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"आवं गुरुजी, तुमी कशाला एवढ्या उन्हाचं आला?"

रक्त पहाटे थांबलं होतं, पण मघाशी बाळाचे ठोके नीट सापडले नव्हते. सिस्टर परत मशीन लावणार होती. हे सांगताना तो गुरुजींकडे बघत नव्हता.

दोघं आत गेले. समीक्षा खाटेवर डोळे मिटून पडली होती. उजवी मूठ घट्ट होती. पाऊल वाजताच तिनं डोळे उघडले.

"बाळ," गुरुजी म्हणाले, "ते नव्या वर्षाचं कार्ड मला परत दे. मी दुसरं आणलंय."

तिनं मूठ उघडली नाही.

"मी वाचलंय ते, गुरुजी. त्याच दिवशी. लय भ्याले. ह्यांना बी दावलं न्हाई."

"ते अक्षर माझं आहे."

"व्हय. वळखलं."

"वीरधवलसाठी लिहिलं होतं मी. रागानं." गुरुजी म्हणाले. "तुझ्या हाती जाताना दिसलं, तरी गप्प राहिलो."

वीरधवल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडच्या खाटेवरची बाई उगाच चादर सारखी करू लागली.

"काल रिक्षात भीती मावंना," समीक्षा म्हणाली. "म्हटलं, फाडूनच टाकावं. तवा पालटलं." तिनं मूठ उघडली. घामानं मऊ पडलेलं कार्ड. पेन्सिलीची मोठी, वाकडी अक्षरं: *मी पाठ करायला विसरलो तरी देव मला विसरत नाही.* खाली गुरुजींची तांबडी खूण, आणि नाव. वीरधवल, इयत्ता तिसरी.

वीरधवल जवळ आला. कार्ड वाचलं.

"मला पाठांतर कवाच आलं न्हाई," तो म्हणाला. "तुमी म्हणायचा, येत न्हाई तर तुझ्या मनानं लिव."

सिस्टर मशीन घेऊन आली. दोघांना बाहेर घालवलं. जाताना गुरुजींनी पाहिलं, समीक्षानं कार्ड पुन्हा मुठीत धरलं होतं.

दार लोटलेलं. आतून नुसती खरखर ऐकू येत होती. खरखर थांबली, सिस्टर काहीतरी पुटपुटली, पुन्हा खरखर. गुरुजींनी बाकाची कड धरली. त्यांना प्रार्थनेचा एक शब्दही आठवेना. शेजारी वीरधवलचा गुडघा सारखा हलत होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

मग खरखरीतून ठोके आले. बारीक, भरभर, घाईत निघाल्यासारखे. तुटले. पुन्हा आले, आणि चालू राहिले.

गुरुजींनी खिशातलं नवं कार्ड काढलं, पालथं केलं आणि कोरी बाजू वर धरून वीरधवलपुढे केलं.

"पेन्सिल आहे का रे तुझ्याकडे?"