उस्तादांची अर्धी दाढी

वस्तऱ्यावरचा हात इतका हलका, की अख्खा रस्ता त्यांना उस्ताद म्हणायचा. आणि त्याच उस्तादांच्या चेहऱ्यावर अडीच महिने उजवीकडे दाढी आणि डावीकडे चकाचक!

झालं होतं असं. एका सकाळी ते आरशासमोर फेस लावत होते. ब्रश उजव्या गालाला लागला मात्र, वरच्या ओठापासून कानाच्या दिशेने वीज सळसळत गेली. ब्रश बेसिनमध्ये पडला. चार-पाच सेकंदांत सगळं शांत. कुणीतरी थोबाडीत मारून पळालं असावं, तसं उस्तादांनी मागे वळून पाहिलं. पुन्हा ब्रश लावला, पुन्हा वीज. शेवटी डावी बाजू उरकून त्यांनी दुकान उघडलं.

"काय उस्ताद, मध्येच पाणी गेलं का?" गिऱ्हाईकं विचारायची. उस्ताद गप्प, कारण बोलतानाही कळ यायची. त्यांच्या गप्प बसण्याने गोष्टीला आणखीच वजन आलं. चार दिवसांवर लग्न आलेला एक तरुण खुर्चीत बसून म्हणाला, "माझीही अशीच करा. नवीन स्टाइल आहे ना?" उस्तादांनी केली. दुसऱ्या दिवशी त्याची होणारी सासू त्याला दंडाला धरून घेऊन आली आणि उरलेली अर्धी उतरेपर्यंत दारात उभी राहिली.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. सासऱ्यांनी मिठाची गरम पुरचुंडी धरायला लावली. उस्तादांनी ती गालाला लावली आणि भिंतीवर फेकली. मेव्हण्याने वेदनेच्या गोळ्या आणल्या. पोट बिघडलं, गाल जिथल्या तिथे. शेवटी उस्तादांनी स्वतःच निकाल दिला, "दाढ किडली असणार."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "दाढ ठणठणीत आहे. काढू नका."

"काढा!"

रोज येऊन हट्ट धरल्यावर पाचव्या दिवशी बाईंनी सही घेऊन दाढ काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी! संध्याकाळी वीज पुन्हा हजर. म्हणजे दाढी करता येत नाही म्हणून माणसाने दाढ काढली, आणि दाढी होती तिथेच राहिली. उस्ताद शेजारच्या दाढेसाठी परत गेले, तेव्हा मात्र बाईंनी हातच जोडले. "तुमचे दात संपतील, दुखणं संपणार नाही. हे नसेचं काम आहे. मी लिहून देते, तिकडे जा."

नसांचे डॉक्टर तरुण होते. "कसं दुखतं?" त्यांनी विचारलं. उस्तादांनी बायकोकडे बोट दाखवलं.

बायको सरसावून बसली. "झोपेत कधी नाही. तोंड धुताना, पहिल्या घासाला, पंख्याचा वारा लागला की. सेकंदाचा खेळ असतो, पण दिवसातून चाळीसदा. आणि मी काही काम सांगितलं की हमखास."

"शेवटचं लक्षण बऱ्याच नवऱ्यांत सापडतं," डॉक्टर म्हणाले. "ते सोडून बाकीचं लिहितो."

मेंदूचा स्कॅन झाला, आणि मग त्यांनी कागदावर रेघ काढून समजावलं. चेहऱ्याची खबर मेंदूला देणारी एक नस असते. उस्तादांच्या त्या नसेवर एक रक्तवाहिनी टेकून ठोके देत होती. वायरचं वेष्टण झिजावं तशी नस झिजली होती, आणि साधा ब्रश लागला तरी ती 'आग लागली' म्हणून बोंब मारत होती.

औषध फिट येणाऱ्यांना देतात ते निघालं. उस्ताद दुखावले. "मला फिट येत नाहीत."

"तुम्हाला नाही, तुमच्या नसेला येतात म्हणा. साध्या वेदनेच्या गोळीला ती दाद देत नाही. थोड्यापासून सुरू करू, मध्ये रक्त तपासू. मनाने बंद करायचं नाही. सुरुवातीला गरगरेल, तेव्हा हातात वस्तरा नको."

आठवड्याभरात चाळीसाचे पाच झाले. पण उस्ताद चालताना भिंत धरत होते. बायको म्हणाली, "अहो, दाढी तरी उतरवून या. समोर दुकान आहे ना!"

समोरच्या सलूनवाल्याशी अकरा वर्षं बोलणं बंद होतं. दोघांनीही पाटीवर 'सर्वात जुने' लिहिलं, एवढंच निमित्त. उस्ताद आत शिरले तेव्हा दुकानात कात्री थांबली.

"बसा," समोरचे म्हणाले.

उस्ताद डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. समोरचे जवळजवळ दुमडून वाकले. वस्तरा गालावर फिरला आणि "आई गं!" अशी किंकाळी उठली.

"मला काही झालं नाही!" उस्ताद ओरडले.

"तुम्हाला कोण विचारतंय? माझी मान!"

उस्तादांनी डोळे उघडले. "खुर्ची वर का घेत नाही?"

"पंप बिघडलाय."

"कधीपासून?"

"झाली सहा वर्षं."

"आणि मान?"

समोरचे हिशेब करता करता थांबले. मग चिडून म्हणाले, "चांगली दाढ उपटून घेणाऱ्याने मला शिकवू नये." ही बातमी रस्ता ओलांडून कशी गेली, कोण जाणे. पण दाढी मात्र त्यांनी अशी केली, की गालाला पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी आपला मिस्त्री तिकडे पाठवला. खुर्ची वर आली, तशी समोरच्यांची निम्मी मान मोकळी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जावं लागलं. आता ते दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये हनुवटी आत ओढून उभे राहतात, आणि नवीन माणसाला वाटतं, आपल्या केसांकडे बघून नाक मुरडतायत.

उस्तादांची गोळी चालू आहे. गार वाऱ्याला अजून एखादी ठिणगी उडते. गोळी कमी पडली तर ऑपरेशन आहे, असं डॉक्टर म्हणालेत. गरगरणं थांबलं आणि उस्ताद कामाला लागले. दुपारी दोघे पायरीवर बसून भांडतात, दुखणं कुणाचं मोठं. उस्तादांची बायको मध्ये पडत नाही. तिचा गुडघा वर्षभर दुखतोय, पण तिला अजून कुणी विचारलेलं नाही.