सांडलेलं पाणी

चौथ्या पायरीवर मांडलेला चिरा मथुराने दोन्ही हातांनी ढकलला. तो गडगडत खाली गेला आणि बावीच्या पाण्यात पडला. सदू गवंडी थापी हातात धरून बघतच राहिला.

“हे काय गो, मथुरे? बाईंचं काम हाय.”

“बाईंचं काम बाईंच्या आवारात कर. बाव वाडीची हाय.”

ती तिथेच पायरीवर बसली. मालन आणि आणखी काही जणी कळशा बाजूला ठेवून तिच्या मागे बसल्या. सदू थापी धुऊन यमुनाबाईंना बोलवायला गेला.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. मुरुडच्या त्या वाडीला ही एकच बाव. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि कळशी बुडवायची, हे आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. आणि दर उन्हाळ्यात वाडीत नारू निघायचा, तोही तेवढाच जुना. पायावर फोड यायचा, तो फुटून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. मग तो रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळत माणूस पडवीत पडून राहायचा. ओढताना तुटला तर पाय मांडीपर्यंत सुजायचा. मथुराचा नवरा धोंडू लागोपाठ दोन पेरण्या असाच आडवा होता. नांगर धरायला तिला माहेरून भाऊ बोलवावा लागला होता.

यमुनाबाई बावीशेजारच्या दगडी गडग्यापलीकडे राहायच्या. नवऱ्यामागे सुपारीची बाग एकटीने सांभाळायच्या. परसात त्यांची स्वतःची विहीर होती, या बावीचा थेंबही त्यांना कधी लागला नव्हता. आणि आता म्हणे त्या पदरचे पैसे घालून बावीच्या पायऱ्या बुजवणार, कठडा बांधणार, वर रहाट बसवणार.

कशाला? मथुराच्या डोक्यातून हा प्रश्न काही केल्या जाईना. तिच्या लहानपणी पटकीच्या साथीत खोताने घरोघर तांदूळ वाटला होता. पुढच्या साली त्याच घरांतली माणसं खोताच्या शेतावर फुकट राबत होती. तिचा बापही त्यांत होता.

यमुनाबाई आल्या. पदर खोचलेला, हाताला सुपारीचा चीक. त्यांनी आधी पाण्यात पडलेल्या चिऱ्याकडे पाहिलं, मग मथुराकडे.

“दापोलीच्या डॉक्टरांना विचारून आल्ये मी. नारूवाला पाय पाण्यात पडतो, त्यातून किडा पाण्यात उतरतो. तेच पाणी तुम्ही पिता. पाय पाण्यात जायचा थांबला की नारू थांबला. यंदा निघायचा तो निघेल, पुढच्या साली बघा.”

“आणि तुमाला काय त्याचं?” मथुराने विचारलं.

“पेरणीच्या तोंडावर तुमची माणसं लोळत पडतात. कण्हणं माझ्या ओटीवर ऐकू येतं. बघवत नाही.”

मालन तोंड फिरवून हसली. बाकीच्या खाली बघत राहिल्या. कोणी उठलं नाही.

यमुनाबाईंनी एकेकीचा चेहरा पाहिला. मग वळून गडग्यापलीकडच्या आपल्या बागेकडे पाहिलं. पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता.

“बरं, खरं सांगत्ये. रहाटावर पाणी ओढलंत की सांडणार. ते सांडपाणी पाट काढून माझ्या बागेत घेणार आहे. उन्हाळ्यात सुपारी करपते माझी. तुमचा नारू जाईल, माझी सुपारी जगेल. पटत असेल तर उठा, नाहीतर सदूला मी घरी पाठवत्ये.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मथुराला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

“मग हे आधी का नाय सांगितलंत?” ती म्हणाली आणि लुगडं झटकून उठली. “सांडेल तेवढंच घ्यायचं. बावीत घागर घालायची नाय.”

“नाही घालणार.”

पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट करकरू लागला. कठड्याभोवतीच्या फरसावरून पाट निघाला आणि गडग्याखालून बाईंच्या आवारात शिरला. त्या उन्हाळ्यात पुन्हा नारू निघाला, तेव्हा बाईने फसवलंन म्हणून वाडीत कुजबुज झाली. पुढच्या साली मात्र धोंडूचे दोन्ही पाय कोरे राहिले. वाडीत एकही माणूस पडवीत आडवा नव्हता.

पण वैशाखात बावीचं पाणी हातभर खाली गेलं.

“बाईचा गडी दुपारी पाणी ओढतो,” मालन म्हणाली. “आपण निजलेल्या असताव तेव्हा.”

मथुराच्या मनातही तेच होतं. भर उन्हात ती गडग्याची कवाडी ढकलून आत शिरली. चोरी हातोहात धरायची, या हिशेबाने पाय न वाजवता ती पाटाच्या कडेने चालत गेली.

पाट थोडा पुढे जाऊन वळला आणि आटलेल्या वहाळात उतरला. पाणी दगडांवरून खाली पडत होतं आणि वाळूत जिरत होतं. सुपारीची बाग वहाळाच्या पलीकडे होती, उंचावर. तिथे विठू गडी खांद्यावर कावड घेऊन बाईंच्या परसातल्या विहिरीपासून झाडांपर्यंत खेपा घालत होता. कडेच्या झाडांची पानं पिवळी पडली होती.

मथुरा तिथेच उभी राहिली. तिने वाकून वाहत्या पाण्यात हात घातला, मग पुन्हा बागेच्या चढाकडे पाहिलं.

“काय गो मथुरे, काय हवंय?”

यमुनाबाई पलीकडच्या काठावर उभ्या होत्या.

“काय नाय. पाट बघायला आले.”

“बघितलास?”

“बघितला.”

मथुराने हात लुगड्याला पुसला.

“कावडीला एक माणूस पुरत नाय तुमाला,” ती म्हणाली. “उद्यापासून धोंडूला पाठवते सकाळचा.”

“मजुरी घेईल ना?”

“घेईल की. फुकट कशाला येईल?”

यमुनाबाईंच्या ओठांच्या कडेला किंचित काहीतरी हाललं. त्या विठूला हाक मारत वर गेल्या.

बावीवर बायका वाट बघत थांबल्या होत्या.

“काय गो? ओढते ना बाई पाणी?”

मथुराने आपली कळशी उचलून कडेवर घेतली.

“नाय ओढत. सांडतं तेवढंच घेते,” ती म्हणाली. “आपल्या सांडपाण्यावर सुपारी अशी हिरवीगार केलीन.”

“बघ, मी म्हणतच होते,” मालन म्हणाली. “आपला फायदा असल्याबिगर ती बाई चिरा लावायची नाय.”

मथुरा मान हलवून घराकडे निघाली.