दुसरा पंच

"आबा, तुम्ही लिखी टाका. मी सही करी देस," मगन जिन्याच्या खालच्या पायरीवरून म्हणाला. हातात पेन होतं, कान शेजारच्या आपल्या घरातल्या टीव्हीकडे.

"आधी वर ये," धाब्याच्या सपाट छतावरून जीवरामआबा म्हणाले. "आता दिसेलच तो."

"तुम्ही देखं म्हंजे मीबी देखं."

मगनचं तसं काही चुकत नव्हतं. तीस वर्षांच्या तलाठीपणात आबांनी असेच पंच गोळा केले होते. गारपीट असो की गोठ्याची आग, आधी कोऱ्या कागदावर सह्या, मग चहा, मग घटना. पंचांना नुकसान दाखवलं तर ते उगाच मतं देतात, असा त्यांचा अनुभव होता.

उपग्रहांचं वेड निवृत्तीनंतरचं, शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं. दिवेलागणीनंतर शिरपूरच्या घराच्या धाब्यावर बसायचं, न लुकलुकता सरकणारा ठिपका दिसला की वहीत पंचनामा करायचा. वेळ, दिशा, तेज. पानाच्या तळाशी दोन पंच. एक स्वतः, दुसरा पंच पत्नी द्रौपदाबाई. पहिल्याच संध्याकाळी आबांनी सवयीने शाईचा पॅड आधीच पुढे केला, तर बाईंनी अंगठा पदराखाली घेतला.

"माले देखू द्या. मंग आंगठा."

अख्ख्या नोकरीत असा पंच त्यांना भेटला नव्हता. ढगांमुळे बाईंना ठिपका दिसला नाही, की आबांना पानावर काट मारावी लागे. कधी ठिपका ऐन आकाशाच्या मध्यावर विझायचा. आबा पृथ्वीच्या सावलीचं शास्त्र समजावू लागत. बाई म्हणत, "घर गया व्हई," आणि अंगठा देत.

पाच वर्षांत चारशे अकरा अंगठे झाले. यंदा चैत्रात बाई गेल्या. महिनाभर मिटलेली वही आबांनी आज उघडली होती, आणि शेजारच्या मगनला हाक मारली होती.

"आबा, करू का सही? सिरियल सुरू व्हयनी."

"राहू दे. जा तू."

आठ वाजून बारा मिनिटांनी तो आला, नैऋत्येकडून, रिकाम्या रस्त्याने सायकल यावी तसा. आबांनी बोट वर केलं आणि शेजारी बाईंच्या रिकाम्या गोधडीकडे वळले. मग बोट खाली घेतलं. ठिपका मध्यावर येऊन विझला.

त्यांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली, पहिल्या पंचाची सही केली. एका पंचावर पंचनामा टिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी काट मारली नाही. अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवली. मग पॅड वाळू नये म्हणून त्यावर दोन थेंब पाणी सोडलं आणि झाकण नीट दाबून बसवलं.