एक स्टार, वजनासाठी

अबोलीने चालू मिक्सर बंद केला आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला.

"वाच."

"चष्मा बाहेर आहे गं. तूच वाच," मृणालिनी खोबऱ्याचे हात पुसत म्हणाली.

अबोलीने बाल्कनीकडे पाहिलं. बाबा पेपर वाचत बसले होते. तिने आवाज खाली आणला.

"'भाजणीची चकली घेतली. मोहन कमी. हिला कुरकुरीत म्हणायचं, तर दगडालाही म्हणावं लागेल. पाकिटावर दोनशे पन्नास ग्रॅम लिहिलंय, भरली दोनशे अठ्ठेचाळीस. एवढी सूट कायद्यात बसते. एक स्टार दिला आहे, तो वजनासाठी.'"

मृणालिनीला हसू फुटलं. "हे ह्यांचंच. नाव वाचायची गरजच नाही."

"आई, हे हर्षदच्या आईचं दुकान आहे."

मृणालिनीचं हसू जागच्या जागी थांबलं.

हर्षद आणि अबोली मालाडच्या एकाच ऑफिसात होते. दोघांचं आपसात ठरून आठ महिने झाले होते, घरच्यांचं ठरायचं होतं. हर्षदच्या आईचा, वसुधाबाईंचा, घाटकोपरला फराळाचा व्यवसाय होता. बारा बायका हाताखाली, आणि दिवाळी असो नसो, कढया रोज चालू. येत्या रविवारी त्या मुलुंडला येणार होत्या, मुलीचं घर बघायला. त्याआधी अबोलीने दुकान बघावं म्हणून हर्षदने मोठ्या कौतुकाने लिंक पाठवली होती. तिथल्या अभिप्रायांत सगळ्यांत वर बाबा होते. महाबळेश्वरच्या माकडटोपीतल्या फोटोसह, पूर्ण नावानिशी. दोन वर्षांपूर्वीचं लिहिलेलं, आणि शेहेचाळीस लोकांना ते उपयुक्त वाटलं होतं. खाली दुकानाचं उत्तर होतं, 'आभारी आहोत.'

"खोटं काय आहे त्यात?" बाल्कनीतून आत बोलावल्यावर अनंतरावांनी विचारलं.

"खरं आहे म्हणूनच वाट लागलीय ना, बाबा!"

अनंतराव तेहेतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसत. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. विचारायचा तो फक्त फोन. कुठूनही घरी आले की तो विचारी, 'ही जागा कशी वाटली?' आणि अनंतराव चष्मा लावून, एका बोटाने, प्रामाणिकपणे उत्तर देत.

"अशी किती आहेत?" अबोलीने विचारलं.

"तीनशे अकरा," त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं.

तेवढ्यात हर्षदचा मेसेज आला. 'आई तुझ्या बाबांचं नाव ऐकल्यापासून गप्प आहे. विचारलं की रविवारी बघू म्हणते.' अबोलीने तो दोनदा वाचला आणि फोन बाबांच्या हातात दिला. अनंतरावांनी वाचला.

"कसं पुसतात ते दाखव," ते म्हणाले.

चकली त्याच दिवशी, शुक्रवारी, गेली. मग अबोली म्हणाली, आता सुरुवात झालीच आहे तर सगळंच काढू. लग्नाच्या घराचं नाव आहे, उद्या त्यांचे नातेवाईक शोधतील. शनिवारी सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. अनंतरावांची एकच अट होती. प्रत्येक अभिप्राय पुसण्याआधी एकदा मोठ्याने वाचायचा.

"'दाताचा दवाखाना. डॉक्टर मनमिळाऊ आहेत. दात काढला. दुखत होता तो शेजारचा.'"

"'लग्नाचा हॉल. पनीरच्या भाजीत पनीर शोधण्यात वेळ चांगला गेला.'"

"'बाग सुंदर आहे. बाकं तीन, बसायला आलेले तीस. मी उभ्याने पाहिली.'"

दहाव्या-बाराव्याला मृणालिनी डोळे पुसू लागली. अबोली रागाने बसली होती, पण बागेपाशी तिचा धीर सुटला आणि तिने टेबलावर डोकंच टेकलं. अनंतराव आधी गंभीर होते. मग तेही एखाद्या नटासारखे थांबून थांबून वाचायला लागले. वाचायचं, हसून घ्यायचं, पुसायचं. जेवायची वेळ टळून गेली.

मग अबोली वाचत असताना तिचा आवाज एकाएकी हळू झाला. "'स्मशानभूमी. स्वच्छ आहे. कर्मचारी घाई करत नाहीत. मोठ्या भावाला नेलं होतं, सगळं नीट झालं.' पाच स्टार."

अनंतरावांनी पुसायला बोट पुढे केलं, तर मृणालिनीने त्यांचा हात धरला.

"हा राहू दे."

तो राहिला. बाकी सगळे गेले.

रविवारी चारला बेल वाजली. हर्षद पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, आणि त्याच्यामागे वसुधाबाई. ठेंगण्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला जड पिशवी. बसल्या, पाणी प्यायल्या. अबोलीकडे बघून छान हसल्या. मग त्यांनी मान वळवली.

"तुम्ही अनंत कर्णिक. माकडटोपीत जरा वेगळे दिसता."

अबोलीने पोह्यांचा ट्रे घाईने टीपॉयवर ठेवला. अनंतराव उठून उभेच राहिले.

"मी ते काढून टाकलंय," ते म्हणाले.

"बघितलं मी. परवाच गेलं." वसुधाबाईंचा चेहरा पडला होता. "असं कसं केलंत हो? मी भांडायला आले होते."

"आई!" हर्षद म्हणाला.

"तू गप्प बस. दोन वर्षांपूर्वीही ह्यानेच गप्प बसवलं मला. म्हणे गिऱ्हाइकाशी ऑनलाइन भांडू नये, दुकानाचं नाव खराब होतं. मी आपलं 'आभारी आहोत' लिहिलं आणि दोन वर्षं उत्तर पोटात घेऊन फिरतेय. हर्षदने तुमचं नाव सांगितलं, तेव्हा म्हटलं देव आहे! आणि तुम्ही पुसून मोकळे."

अनंतराव हळूच खुर्चीत बसले. पाठ मात्र ताठ झाली.

"काय उत्तर होतं?"

"मोहन कमी नव्हतं. पीठ घट्ट भिजवलं गेलं होतं त्या दिवशी."

"म्हणजे दगड होती, हे मान्य?"

"दगड मान्य. मोहन मान्य नाही."

"मोहन कमी असल्याशिवाय चकली दगड होत नाही."

"तुम्ही किती चकल्या तळल्यात आयुष्यात?"

"एकही नाही. पण खाल्ल्यात पुष्कळ."

वसुधाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. त्यातून भाजणीचा डबा निघाला आणि त्यामागून पितळी सोऱ्या. "चला. तुमच्यासमोर करते. मोहन तुम्ही मोजायचं."

"मोजतो की!" अनंतराव तरातरा आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून आपला छोटा तराजू घेऊन आले. वजनांच्या पेटीवरची धूळ त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसली. मृणालिनीने गॅस पेटवला. थोड्याच वेळात आतून तेल तापल्याचा वास आला, आणि त्याबरोबर तिघांचे आवाज.

"हा काटा स्थिर होऊ द्या, बाई."

"तो स्थिर होईपर्यंत मोहन गार होईल!"

"वजन म्हणजे वजन."

"बघा, काय माणूस आहे! तुम्ही कशा राहिलात हो ह्यांच्याबरोबर?"

"अजून राहतेच आहे," मृणालिनी म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

बाहेर सोफ्यावर हर्षद आणि अबोली बसून राहिली होती. समोर पोहे गार होत होते. पत्रिका, तारीख, हॉल, बैठकीचे जे विषय हर्षदने फोनमध्ये लिहून आणले होते, त्यातला एकही निघाला नव्हता.

"आपल्याला विसरलेत ते," अबोली हळूच म्हणाली.

"मी जाऊन विषय काढू?"

ती काही बोलणार, तेवढ्यात कढईत पहिली चकली पडल्याचा चर्र आवाज आला, आणि त्यावर वसुधाबाईंचा, घाईतला, काहीही विशेष नसल्यासारखा.

"अहो विहीणबाई, झारा कुठे ठेवता तुम्ही?"

हर्षदने फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला. अबोलीने गार पोह्यांची बशी उचलली आणि दोघांत एक चमचा घेतला.