जावयाची खाण

वच्छलाने हातातल्या पाटल्या कोपराकडे सारल्या आणि आंबा पिळायला घेतला.

चाळीसगावला गाडी बदलावी लागते. धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या माणसाला तिथे बाकावर बसून राहावं लागतं. विचार करायला वेळ मिळतो.

जमिनीतून निघतं तेव्हा कथील काळं असतं. वितळलं की पांढरं होतं.

शालिग्रामने सुपारीसाठी अडकित्ता उघडला आणि तसाच धरून ठेवला.

पिंप्राळ्याच्या वेशीवरच्या निंबाला झोका बांधला होता. कुंदा उभ्याने झोका चढवत होती आणि खाली उभ्या पोरी ओरडत होत्या की उतर, आता आमची पाळी.

सासूने जावयाशी बोलायचं नसतं.

*

रसाचा ओघळ मनगटावरून खाली आला तेव्हा धुरपदाबाईला तो वळ दिसला. पाटल्या जिथे रोज बसतात तिथे, मनगटाला वेढून, लेकीची कातडी हिरवट झाली होती. शेवाळ धरल्यासारखी.

“हे काय झालं ग?”

“कुठी?” वच्छलाने पाटल्या झटकन खाली ओढल्या. रस लागला तरी ओढल्या. “घाम येतो. वैशाख आहे.”

चुलीवरच्या खापरावर मांडा भाजत होता, तो धुरपदाबाईने उलटला. स्वतःच्या हातातल्या जुन्या पाटल्यांखालचं मनगट मात्र तिने पदराने पुसून पाहिलं. तिथे नुसता घाम होता.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक माहेरी आली होती आणि तिला न्यायला जावई आला होता. अभिमन धुळ्याला एका वकिलाकडे कारकून होता. पायात बूट, बोलणं कचेरीतलं. या खेपेला तो धोतराच्या सोग्यात रुमालाची एक पुरचुंडी घेऊन आला होता. जेवणं झाल्यावर त्याने ती ओसरीवर सासऱ्यापुढे सोडली. आत वाळूसारखे काळे, जड खडे होते.

“हा नमुना, मामा. मलायातला. तिथे ओढ्याच्या पाण्यात पाट्या हलवून माती वेगळी करतात, आणि खाली हे उरतं.”

शालिग्रामने चिमूट उचलली, तळहातावर तोलली, वास घेतला. कपाशीचं बी पाहावं तसं त्याने ते पाहिलं.

“याचं काय होतं?”

“कथील. तुमच्या घरच्या भांड्यांना कल्हई करतात ना, ते. विलायतेत याचे डबे होतात. डब्यात मासे भरतात, फळं भरतात. भाव चढतोय. कंपनी लहान आहे, म्हणून शेअर स्वस्त आहे. मोठी झाल्यावर आपल्याला कोण विचारणार?”

धुरपदाबाई माजघराच्या दाराआड उभी होती. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला होता. तिने धाकट्या लेकीला कोपराने ढोसलं.

“कुंदे, इचार. हे तं काळं आहे. कल्हई तं पांढरी असते.”

“दाजी,” कुंदा उंबऱ्यात येऊन म्हणाली, “हे काळं कसं?”

“भट्टीत गेलं की पांढरं होतं.”

“इचार, खान कोनी पाह्यली?”

“दाजी, खान कोनी पाह्यली?”

“मी नाही पाहिली.” अभिमनने दाराकडे न पाहता उत्तर दिलं. “मुंबईच्या पेढीतला माणूस बोटीने जाऊन पाहून आला.”

“इचार, तो मानूस तरी पाह्यला का यांनी?”

कुंदाला हसू फुटलं. अभिमनही हसला.

“पाहिला, म्हणावं. चांगला माणूस आहे. टोपी घालतो, पानसुद्धा खात नाही.”

“पान खात नाही म्हने,” धुरपदाबाई पुटपुटली. जो माणूस कोणाच्या घरचं पान घेत नाही, त्याला लोकांशी नातं ठेवायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण हे कुंदाच्या तोंडून विचारण्यासारखं नव्हतं.

खाण खरी होती. तिच्यात कथीलही होतं. पण त्या दिवशी त्या ओसरीवर हे कोणालाच ठाऊक नव्हतं, अभिमनलाही नाही.

शालिग्रामने खडे रुमालात परत ठेवले.

“जावईबापू, धंदा चांगला असंल. पन पैसा कुंदाच्या लग्नाचा आहे. कपाशीचा आला तसा बाजूला ठेवला. त्याचं सोनं घ्यायचं आहे. त्याले हात नाही लावता येत.”

दाराआड धुरपदाबाईने श्वास सोडला.

अभिमनने पुढ्यातल्या तबकातली सुपारी उचलून शालिग्रामपुढे ठेवली. शालिग्रामने अडकित्ता उघडला.

“मी आधी तुमच्याकडे येणारच नव्हतो, मामा,” अभिमन म्हणाला. आवाज खाली आला होता. “वच्छलाच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात असं मनात होतं. ती देत होती. सोनाराकडे घेऊन गेलो.”

अडकित्ता तसाच राहिला.

“मग?”

“मग काही नाही. परत आणल्या. तिच्या हातात घातल्या.” त्याने खड्यांच्या रुमालाला गाठ मारली. “घरात कोणाला बोललो नाही. आईला तर नाहीच.”

ओसरीवर चिमण्या सांडलेल्या साळी टिपत होत्या. शालिग्रामने सुपारी कातरली. खांड मोठं झालं. ते त्याने तसंच तोंडात टाकलं.

“किती शेअर म्हनाले होते तुम्ही?” त्याने विचारलं.

*

सोनाराकडे घेऊन गेला. परत आणल्या.

ती दोन वाक्यं धुरपदाबाईने रात्रीपर्यंत मनात उलटीपालटी केली. पुजलेली घागर हलवताना, उरलेल्या मांड्यांचे तुकडे दुधात कुस्करताना, शेजारणीला वाण देताना. नेल्या त्याच परत आणल्या कशावरून? गहाण ठेवायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो का? आणि हे सगळं सांगताना त्याचा आवाज खाली का आला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वच्छलाला म्हणाली, “एक पाटली दे. बाजारात चालली आहे. उजळून आनते. काळवंडल्या.”

वच्छला गाईपुढे चारा टाकत होती. तिने पेंढी सोडली नाही.

“असू दे, आई.”

“असू दे काय? सासरी जाताना काय असंच काळं सोनं घालशीन?”

“उजळून काय व्हनार आहे?”

“दे मनते ना.”

वच्छलाने पाटली काढली. काढताना तिने आईकडे पाहिलं नाही. मनगटावरचा हिरवा वळ तिने लुगड्याच्या काठाने झाकला.

जळगावच्या सराफ बाजारात चिंधा सोनाराची पेढी होती. धुरपदाबाईच्या माहेरापासूनची. तिची स्वतःची जोडवी, सासूची पुतळ्यांची माळ, सगळं तिथलं. चिंधाशेठने तिला बसायला पाट दिला, कुंदाच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि कोणाचं लग्न कुठे झालं याची चौकशी केली. मग पाटली हातात घेतली. घेताक्षणी त्याच्या हाताचा वेग कमी झाला.

“उजळायची?” त्याने विचारलं.

“हो.”

“उजळू नका, अक्का.”

“काहून?”

त्याने कसोटीच्या दगडावर पाटली आतल्या बाजूने ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ निघून गेली. दगड कोरा झाला. त्याने दगड तिच्यासमोर धरला.

“पितळ आहे,” तो म्हणाला. “वर सोन्याचं पानी. उजळाल तं तेही जाईन.”

कुंदाने तोंडातली खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

“वच्छीच्या लग्नातल्या पाटल्या आहेत,” धुरपदाबाई म्हणाली. “तुमच्याच पेढीवरच्या.”

चिंधाशेठने पाटली उलटी केली, जोडाजवळ नखाने खरवडलं, आणि तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“हे काम आमचं नाही,” एवढंच तो म्हणाला. “असं पानी धुळ्याकडं चढवतात.”

धुळ्याकडं. धुरपदाबाईला पुढचं काही ऐकायची गरज राहिली नाही.

*

गोठ्याजवळच्या ओट्यावर वच्छला पाय सोडून बसली होती. धुरपदाबाईने पाटली तिच्या ओटीत टाकली.

“तुले मालूम होतं?”

“होतं.”

“कवापासून?”

“सोनाराकडून आनल्या तवापासून.”

“आन तू गप बसली? तोंड शिवलं होतं तुह्यं?”

वच्छलाने पाटली उचलून हातात चढवली. हाडाजवळ ती अडली. तिने जोर केला.

“कोनाचं नाव घेऊ, आई?”

नवऱ्याचं नाव बाई तोंडाने घेत नाही. धुरपदाबाईला एवढंच कळलं. पोरगी चोराघरी नांदत होती आणि तोंड मिटून होती. तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तू नको घेऊ,” ती म्हणाली. “मी घेते.”

शालिग्राम खळ्यात बैलांच्या वेसणी पाहत होता. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. चिंधाशेठने काय केलं, दगडावर काय उरलं, तो काय म्हणाला, सगळं तिने सांगितलं. आवाज तिने चढू दिला नाही, कारण जावई घरातच होता, ओसरीवर आडवा झालेला.

“सोनं गिळलं त्यानं. त्याची खान भरली वच्छीच्या सोन्यानं. आता कुंदीच्या सोन्यावर डोळा आहे. काल तोंडानं कबूल केलं तुमच्यापुढं, सोनाराकडे नेल्या म्हने! आयकलं मी. तुमाले काही कळलं का नाही?”

शालिग्रामने बैलाच्या नाकाजवळची दोरी सैल केली, पुन्हा आवळली. बैलाने मान झटकली.

“तुम्ही इचारा त्याले.”

“जावई आहे.”

“जावई आहे मनून पितळ घालून हिंडंल का पोरगी? आज गावातल्या बायकांनी पाह्यलं तं? मी नाही धाडत तिले. राहू दे इथं. नांदायचं तं सोनं घेऊन यावं मनावं, मग न्यावं.”

तो पहिल्यांदाच वळला. त्याच्या कपाळावर घाम होता. सावलीत उभा होता तरी.

“धाडायची,” तो म्हणाला. “उद्याच धाडायची. त्यानं तिले एक शब्द बोलला नाही. तुले समजत नाही. त्यानं एक शब्द बोलला नाही.”

“काय बोलंल? चोर काय बोलंल?”

“गप.”

इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता, आणि हे तर ओरडणंही नव्हतं. विनवणीच होती ती. धुरपदाबाईला ते ओळखता आलं नाही. तिला वाटलं, याला भुरळ पडली. काळी वाळू हुंगली तेव्हाच पडली.

*

गाडी जुंपली. शिदोरीत सांजोऱ्या बांधल्या. अभिमनने सासऱ्याच्या पाया पडताना पैशांची पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मग तो दाराकडे वळला. सासू दाराआडच होती. त्याने कुंदाला मध्ये घेतलं नाही.

“मामी, सगळे शेअर मी वच्छलाच्या नावाने घेणार आहे.” त्याचं कचेरीतलं बोलणं एकाएकी सुटलं आणि घरची अहिराणी तोंडी आली. “बठ्ठं तिनंच शे. मना नावनं एक बी नही.”

धुरपदाबाईने पदर आणखी खाली ओढला. तिच्या नावाने घेऊन तिच्या अंगठ्याने विकणार, तिने मनात म्हटलं. ती आत गेली, तिथून वळून पुन्हा बाहेर आली आणि गाडीत बसलेल्या लेकीचा हात हातात घेतला. स्वतःच्या दोन्ही पाटल्या काढून तिने त्या हातात चढवल्या, पितळेच्या वर. घासून घासून बारीक झालेल्या, जुन्या घडणीच्या.

“या काढू नको,” ती जावयाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “कोनी मागितल्या तरी.”

वच्छला आईकडे पाहत राहिली, मग आईच्या मागे उभ्या असलेल्या बापाकडे. शालिग्राम जुवाची खुंटी पाहायला वाकला.

गाडी वेशीबाहेर गेली. निंबाला झोका अजून होता. कुंदा तिकडे पळाली.

धुरपदाबाई मोकळी मनगटं चोळत उंबऱ्यात बसली.

“झालं,” ती म्हणाली. “पैसा गेला दर्यापार. माह्या पाटल्या गेल्या धुळ्याले. आता कुंदीचं सोनं कुठून आनान?”

शालिग्रामने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. बराच वेळ त्याने त्याची घडी नीट केली.

“तू त्याची काळजी करू नको,” तो म्हणाला. “ते मी पाहीन.”

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच धुरपदाबाईला बरं वाटलं.

वच्छलाच्या लग्नाआधी, पौषात, सरकी विकायला जातो असं सांगून शालिग्राम एकटा धुळ्याला गेला होता, आणि तिच्या पाटल्या त्याने तिथून आणल्या होत्या.